आठ भेटींत काय होतं?

सबमिशनची तारीख उद्यावर आली की महिनाभर रखडलेलं काम एका रात्रीत कसं उरकतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणसांच्या अडचणींचंही असं होतं का? एमएसडब्ल्यू करत असाल तर हा प्रश्न थेट तुमचाच आहे. फील्डवर्कच्या मोजक्या भेटी, आणि वर्ष संपलं की ते कुटुंब मागेच राहतं. ‘एवढ्याशानं कुणाचं काय भलं होणार?’ असं मनात येतंच ना?

न्यूयॉर्कच्या कम्युनिटी सर्व्हिस सोसायटीत विल्यम रीड आणि अ‍ॅन शाइन यांनी नेमकं हेच तपासलं. घरात नवरा-बायकोचे किंवा मुलांशी खटके उडणारी १२० कुटुंबं. कुणाला कुठली सेवा मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. काहींना फक्त आठ भेटी, काहींना दीड वर्षापर्यंत मदत. निष्कर्ष १९६९ मध्ये पुस्तकात आले. आठ भेटीवाली कुटुंबं निदान तेवढीच सावरली होती, आणि मदत थांबून सहा महिने झाल्यावरही सावरलेलीच होती!

रीड यांच्या मते मेख होती ती मुदतीत. शेवट कधी, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असलं की दोन्ही बाजू कामाला लागतात. मग १९७२ मध्ये त्यांनी लॉरा एपस्टाइन यांच्याबरोबर पद्धतच बांधली. अडचण कुठली, हे त्या माणसानंच निवडायचं. मुलगा शाळा बुडवतो? मग गुरुवारपर्यंत बाबांनी वर्गशिक्षकांना भेटून यायचं. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच.

आपल्या शेजारी, गोव्यातही असा एक प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. त्यातल्या निम्म्यांशी ‘संगत’ संस्थेनं तयार केलेले समुपदेशक सहा ते आठ वेळा बोलले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे २०१७ साली छापून आलं.

पण थांबा. आठ भेटींत थकलेलं घरभाडं फिटत नाही की गेलेली नोकरी परत येत नाही. शिवाय ‘कमी भेटी’ म्हटलं की पैसे देणाऱ्यांचे डोळे चमकतात, ते वेगळंच! ठरवून आखलेल्या आठ भेटी आणि निधी आटला म्हणून आठव्या भेटीला गुंडाळलेलं काम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा यंदा फील्डवर्कला गेलात की किती वेळा येणार, हे त्या घरी पहिल्याच दिवशी सांगून टाका. आणि काय आधी सुटायला हवं, ते त्यांनाच विचारा. उत्तर तुमच्या फाइलमधल्यापेक्षा वेगळं निघालं तर त्यांचंच धरा.