कपाटामागचं दार

आमच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीला पुस्तकांची कपाटं आहेत आणि त्यातलं एक कपाट दार आहे. ढकललं की मागे अडगळीची खोली. हे दार पहिल्यांदा केलं तेव्हा सुताराने नेहमीच्या खोलीच्या दाराला लावतात तशाच चार बिजागऱ्या लावल्या, स्क्रू प्लायवूडच्या कडेत आवळले आणि दार छान फिरलं. मग आम्ही पुस्तकं भरली. दोन-तीन महिन्यांत वरच्या बिजागरीचे स्क्रू उपसून आले, कडेला प्लायचे थर सुटले आणि कपाटाचा खालचा कोपरा लादीला घासायला लागला. लादीवर कमानीसारखा ओरखडा उमटला, तो अजून आहे. सुताराचा हात चांगला होता. वजनाचा हिशेब मात्र ना त्याने केला होता, ना आम्ही.

म्हणून असं दार आपल्या घरी करायचं असेल तर कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी कागदावर याव्यात: दार किती वजनाचं आणि ते नेमकं कोणत्या बिंदूवर फिरणार. बाकीचं सगळं यातूनच ठरतं.

आधी वजन. कपाट ७५ सेंमी रुंद, २१० सेंमी उंच आणि २० सेंमी खोल धरू. १८ मिमी प्लायवूडचा सांगाडा आणि ९ मिमीची पाठ मिळून साधारण ३० ते ३५ किलो होतात. आता पुस्तकं. घरातल्या वजनकाट्यावर फूटभर ओळीतली पुस्तकं ठेवून बघा. डेमी आकाराची मराठी पुस्तकं फुटाला ६ किलोंच्या आसपास भरतात. सहा खण म्हणजे ८५ किलो. एकूण झाले जवळपास १२० किलो, म्हणजे दोन माणसं दाराला लटकून बसल्यासारखं.

हे वजन बिजागरीवर कसं येतं ते बघू. बिजागरी दाराला कडेने धरते, त्यामुळे दार सतत खाली आणि बाहेर झुकू पाहतं. वजनाचा मध्य बिजागरीपासून साडेसदतीस सेंमीवर आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीत १८० सेंमी अंतर धरलं तर वरची बिजागरी चौकटीपासून उपटून काढायला २५ किलोंची ओढ रात्रंदिवस लागलेली असते. प्लायवूडच्या कडेत घातलेला स्क्रू थरांच्या मधोमध शिरतो आणि थर फाकवतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

आता पिव्हट. पिव्हट म्हणजे दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बसणारी खीळ आणि ती ज्यात फिरते ती वाटी. जुन्या वाड्याचं दार आठवा. त्याला बिजागरी नसायची. फळीतूनच काढलेला खुंट खाली दगडात कोरलेल्या खळीत आणि वर चौकटीच्या भोकात बसायचा. पिव्हट हा त्याचाच पोलादी अवतार, फक्त खालच्या वाटीत बेअरिंग असते. इथे १२० किलो सरळ जमिनीवर उतरतात. वरच्या खिळीला वजन पेलायचं नसतं, पण आडवी ओढ तिलाही लागते, आपल्या उदाहरणात २० किलोंच्या वर. ही गोष्ट पुढे छताशी पोचल्यावर पुन्हा लागेल.

पुस्तकांच्या दाराला मी पिव्हटच लावा म्हणेन. भिंतीच्या पॅनेलिंगमध्ये लपवायचं साधं, पातळ दार असेल तर गोष्ट वेगळी. त्याला दाराच्या जाडीत खाच पाडून बसवायच्या लपत्या बिजागऱ्या मिळतात, त्या चालतात. दार मिटलं की त्यांचा मागमूस दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांना लावतात त्या ३५ मिमी वाटीच्या ‘ऑटो’ बिजागऱ्या मात्र खोलीच्या दाराला लावू नका, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी. फ्लोअर स्प्रिंग म्हणजे जमिनीत पुरायची, दार आपोआप मिटवणारी पेटी. तिच्यासाठी लादी फोडून साधारण दोन इंच खणावं लागतं. वरच्या मजल्यावर लादीखाली तेवढा थर असेलच असं नाही, आणि त्याच्या खाली इमारतीचा स्लॅब आहे.

खरेदी करताना पाकिटावरचा किलोंचा आकडा एका नगाचा की जोडीचा, आणि किती रुंदीच्या दारासाठी, हे विचारून घ्या. आपल्या हिशेबापेक्षा निदान दीडपट क्षमतेची जोडी घ्या. पुस्तकं वाढतातच. खालची वाटी स्टेनलेस स्टीलची हवी, कारण रोज लादी पुसताना पाणी तिथेच जाऊन बसतं.

पुढची पायरी फिरण्याच्या बिंदूची. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण लपलेलं दार उघडं पडतं ते फटीमुळे आणि फट ठरते या बिंदूवरून.

पातळ दार घेऊ, ४० मिमी जाडीचं. पिव्हट जाडीच्या मधोमध आहे, पण कडेपासून किती आत? ७० मिमी आत घेतला तर दार फिरताना मागचा कोपरा कडेच्या बाहेर जेमतेम ३ मिमी डोकावतो. सुतार ज्याला एक सूत म्हणतात तेवढं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ४० मिमी आत घेतला तर कोपऱ्याला जवळपास ५ मिमी लागतात. २० मिमीवर घेतला तर ८ मिमीच्या वर. म्हणजे पिव्हट कडेला जितका जवळ, तितकी फट मोठी. बहुतेकांना हे उलटं वाटतं आणि ‘थोडा कडेला सरकवा, दार जास्त उघडेल’ असं सांगून ते सुताराकडून फट वाढवून घेतात.

कपाटाला जाडी जास्त, म्हणून अडचणही मोठी. पिव्हट एका टोकाच्या कोपऱ्यात आहे असं धरा. ७५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल कपाट फिरताना समोरच्या बाजूचा कोपरा ७९ सेंमीचं वर्तुळ काढतो, म्हणजे ४ सेंमी जास्तीची जागा मागतो. खोली २० सेंमी केली तर अडीच सेंमीच्या थोडं वर, १५ केली तर दीड सेंमी. डेमी पुस्तक साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंमी रुंद असतं. त्यासाठी बाहेरून २० सेंमी खोल कपाट पुरेसं आहे. मोठ्या आकाराचे दिवाळी अंक आणि कोश शेजारच्या, न हलणाऱ्या कपाटात ठेवा.

उरलेली फट पट्टीने झाकायची. कपाट मागच्या खोलीत, आत उघडत असेल तर पट्टी चौकटीला मारा. ती फट झाकते आणि दार मिटताना थांबाही होते. कपाट बैठकीत, बाहेर उघडत असेल तर उघडणाऱ्या बाजूची पट्टी कपाटालाच मारायची, म्हणजे ती कपाटाबरोबर फिरते. पिव्हटच्या बाजूची मात्र चौकटीला. ती कपाटाला मारली तर पहिल्याच ढकलण्यात भिंतीवर अडकून उखडते. मागे जागा असेल तर आत उघडणारं दार बरं. बैठकीत गालिचा, टीपॉय, कुणाचे तरी पाय हे सगळं वाटेत येतं.

हे पटत नसेल तर पुठ्ठा घ्या. सेंमीला मिमी धरून ७५ बाय २० मिमीचा तुकडा कापा, पिव्हटच्या जागी टाचणी टोचा आणि आलेखाच्या कागदावर फिरवा. कोपरा कुठे अडतो ते पाच मिनिटांत दिसतं. आमचं दुसरं दार आम्ही सुतारासोबत असंच जेवणाच्या टेबलावर आधी फिरवून पाहिलं. टाचणी तीनदा हलवली तेव्हा कुठे जागा पक्की झाली.

आता उंबऱ्याचा विचार. कपाट खरं वाटावं म्हणून खाली चार इंचांची पट्टी स्थिर ठेवायचा मोह होतो. ती ठेवू नका, ठेचा लागतात. ॲन फ्रँकचं कुटुंब १९४२ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त २६३ मध्ये लपलं तेव्हा योहान वोस्कुइल यांनी त्यांच्या दारापुढे फिरतं पुस्तकांचं कपाट बांधलं. ते आजही तिथल्या संग्रहालयात उभं आहे. त्यामागच्या ठेंगण्या दारातून वाकून उडी मारावी लागे आणि पहिले तीन दिवस सगळ्यांच्या कपाळाला टेंगळं आली, असं ॲनने डायरीत लिहून ठेवलं आहे. शेवटी चौकटीवर लाकडाच्या छिलक्यांनी भरलेला टॉवेल ठोकावा लागला. तिथे जिवावरचा प्रसंग होता, इलाज नव्हता. आपल्या घरी वाट पूर्ण उंचीची आणि सपाट ठेवता येते. पायाची पट्टी कपाटालाच जोडा, जमिनीपासून थोडी उचलून, म्हणजे ती बरोबर फिरेल.

किती उचलायची? ते लादी सांगेल. आपल्या घरातल्या लाद्या दिसतात तितक्या सपाट नसतात. कपाटाचा कोपरा ज्या कमानीने फिरणार ती खडूने काढा आणि तिच्यावर जागोजागी स्पिरिट लेव्हल ठेवत जा. सगळ्यात उंच जागेच्या वर किमान ५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. तिथे दार अडलं तर नंतर रंधा मारून भागत नाही, कपाट उतरवावं लागतं.

जिथे खालची वाटी बसणार ती लादी नाण्याने वाजवून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही आणि १२० किलोंखाली ती एके दिवशी तडकेल. ती लादी काढून खालचा थर घट्ट भरून घ्या. भोक पाडण्याआधी तिथून वायर किंवा पाण्याचा पाइप गेलेला नाही याची खात्री करा. पलीकडे न्हाणीघर असेल तर त्याच्या वॉटरप्रूफिंगला ड्रिल लागता कामा नये.

वरची बाजू बहुतेक ठिकाणी याहून वाईट असते. चौकटीच्या वर पीओपीचं खोटं छत असतं आणि सुतार वरची वाटी त्याच्या पट्टीवर मारून मोकळा होतो. वरच्या खिळीला २० किलोंची आडवी ओढ लागते हे आपण पाहिलंच. वाटीच्या मागे जाड सागवानी तुळई किंवा लोखंडी नळी हवी आणि ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना किंवा वरच्या लिंटलला अँकर बोल्टने धरलेली हवी. छत बंद होण्याआधी हे डोळ्यांनी पाहून घ्या, फोटो काढून ठेवा.

मग ओळंबा. वरच्या वाटीच्या केंद्रातून दोरा सोडा आणि त्याचं टोक खालच्या वाटीच्या केंद्रावर येतं का पाहा. पंखा बंद करा, दोरा स्थिर होऊ द्या. इथे एका सुताचाही फरक नको. फरक राहिला तर दार मनाने फिरतं, कुठेतरी उतार शोधून तिथे जाऊन थांबतं. आणि १२० किलोंचं दार मनाने फिरणं घरात लहान मुलं असताना धोक्याचं आहे.

दार चढवायला तीन माणसं हवीत. कपाट रिकामं असताना ते खालच्या खिळीवर उभं करायचं, सरळ धरायचं आणि वरची खीळ स्क्रूने वर काढून वाटीत सोडायची. मग ४५ अंशांवर दार सोडून बघा. जागचं हललं नाही तर ओळंबा बरोबर. पुस्तकं खालच्या खणापासून भरत वर या. अर्धी भरली की थांबून फटी तपासा. सगळी भरल्यावर आठवडाभराने पुन्हा तपासा, कारण लाकूड आणि स्क्रू दोन्ही थोडे बसतात.

कपाटाखाली चाक लावायची सूचना हमखास येते. पिव्हट नीट बसला असेल तर चाकाची गरज नाही. लादी एक-दोन मिमी चढली तरी चाक कपाट उचलतं, उतरली तर हवेत लटकतं, आणि फिरल्याचा माग लादीवर दिसतो. लपलेल्या दाराची जागा तो माग लगेच सांगतो.

दार बंद राहण्यासाठी दाबून उघडणारा चुंबकी कॅच किंवा एखाद्या खणाआड लपवलेली कडी चालते. मात्र आतून ते अंधारातही, किल्लीशिवाय, एका हाताने उघडता आलं पाहिजे. एखादं मूल खेळता खेळता मागे गेलं तर त्याला बाहेर येता यायला हवं. झोपायच्या खोलीला असं एकच दार ठेवू नका. मीटर आणि मेन स्विच त्याच्यामागे कधीच नको, आग लागली तर बाहेरच्या माणसाला ते सापडणार नाहीत. पिव्हटच्या बाजूला बोटं चेमटू शकतात, म्हणून दाराला सावकाश थांबवणारा डँपर बसवा.

काम झालं की रात्री मागच्या खोलीतला दिवा लावा, पुढचे बंद करा आणि खुर्ची घेऊन समोर बसा. जिथे फट राहिली तिथे उजेडाची रेघ दिसते. मऊ केसांची ब्रश पट्टी आतून लावली की ती मिटते.

पावसाळ्यात सागवानी कडा फुगतात, मुंबईत आणि कोकणात तर दिसण्याइतक्या. उन्हाळ्यात बसवलेलं दार एक सूत फट ठेवूनही जुलैमध्ये घासू शकतं. तेव्हा लगेच रंधा मारू नका, दिवाळीनंतर ती जागा पुन्हा मोकळी होईल. कडा सगळ्या बाजूंनी, अगदी तळालाही, पॉलिश केलेल्या असतील तर फुगणं कमी होतं. तळ दिसत नाही म्हणून तो बहुधा कोराच राहतो. वर्षातून एकदा खालची वाटी कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा एक थेंब सोडा आणि वरच्या खिळीचा स्क्रू ढिला झाला आहे का पाहा. त्याला लागणारी षटकोनी किल्ली आम्ही कपाटाच्या पाठीला, आतल्या बाजूने, चिकटपट्टीने लावून ठेवली आहे.