सांदण दरीत उतरण्याआधी : वर्धेकरांचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी आटोपली की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या तरुण मंडळींत सांदणचे बेत शिजू लागतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याजवळ साम्रद नावाचे छोटे गाव आहे. गावापासून थोडे चालले की सपाट माळाला पडलेली एक लांब, खोल भेग समोर येते. दोन्ही बाजूंना दोनशे ते चारशे फुटांच्या सरळ भिंती, तळाशी धोंड्यांचा खच आणि लांबी साधारण दीड-दोन किलोमीटर. काही ठिकाणी दोन-तीन माणसे शेजारी उभी राहिली की वाट भरते. भेग संपते तिथे कडा तुटतो आणि खाली कोकण दिसते. दोराने उतरून पुढे गेले की शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावात पोहोचता येते.

आखणी करताना सांदणची एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे हवी. आत शिरल्यावर बाजूने बाहेर पडायला वाट नाही. मागे फिरायचे किंवा पुढे जायचे, एवढेच. पहिला कडा उतरून दोर खाली ओढून घेतला की मागे फिरणेही संपते. म्हणून जायचे की नाही, कधी, कोणासोबत, हे सगळे घरी बसूनच ठरवावे लागते. ऐकीव माहितीवर ठरवले तर ती चूक दरीत दुरुस्त करता येत नाही.

“एवढी अरुंद दरी म्हणजे चुनखडकच असणार”

परदेशातल्या प्रसिद्ध घळींची चित्रे पाहून हा समज होतो. फ्रान्समधली व्हेर्दोन किंवा क्रीट बेटावरची समारिया या खरोखर चुनखडकातल्या घळी आहेत. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक विरघळवत जाते. त्यातून गुहा, विवरे आणि खोल घळी तयार होतात. चुनखडक आपल्यालाही नवा नाही. वर्धा नदीच्या खालच्या अंगाला वणी, राजूर, कोरपना, गडचांदूर या भागात तो आहे, म्हणून तर तिथे चुन्याच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने आले.

सांदण मात्र काळ्या बेसाल्टची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार झाले, त्यातलाच हा खडक. आपल्या समुद्रपूर तालुक्यातली गिरडची टेकडी याच थरांची आहे. शेख फरीद बाबांच्या दर्ग्याभोवती जे गोलसर दगड सापडतात, आणि ज्यांच्याविषयी श्रद्धेने कथा सांगितली जाते, ते या लाव्हाच्या पोकळ्यांत साचलेल्या खनिजांचे गोळे आहेत. बेसाल्ट पाण्यात चुनखडकासारखा विरघळत नाही. तो भेगांच्या रेषेने फुटतो, ढासळतो, आणि पाणी ते तुकडे वाहून नेते. सांदणच्या तळाशी खोलीएवढे धोंडे पडलेले दिसतात ते यामुळेच.

चालणाऱ्याने हे दोन कारणांनी लक्षात ठेवावे. एक, इथे वरून दगड सुटतात, त्यामुळे हेल्मेट फक्त दोरावर लटकताना घालून भागत नाही. दोन, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला बेसाल्ट ओला असला की साबणासारखा निसरडा असतो. महागडे पण कोरे करकरीत बूट घालून येणारे इथे सर्वांत जास्त घसरतात. सरावलेले, खोल खाचांच्या तळव्याचे जुने बूट बरे.

“आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी”

ही ओळ इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की ती खरीच वाटते. तिला आधार नाही. नेपाळमध्ये धौलागिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरांमधून काली गंडकी वाहते. तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोची घळ काही ठिकाणी पाच हजार मीटरहून खोल आहे. सांदणची खोली जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे मीटरच्या घरात. सांदण सुंदर आहे, थोर आहे, आणि त्यासाठी तिला खोटा क्रमांक लावायची गरज नाही. या दाव्याचे खरे नुकसान वेगळे आहे : विक्रम पाहायला म्हणून जी माणसे जातात, त्यांची तयारी बहुधा कॅमेऱ्याची असते, पायांची नसते.

“आभाळ मोकळे आहे, म्हणजे पाण्याची भीती नाही”

सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत घातक. अरुंद घळीत उभे राहिल्यावर डोक्यावर आभाळाची एक पट्टी दिसते. पाऊस दुसरीकडेच, वरच्या माळावर पडत असतो. बेसाल्टचा माळ पाणी फारसे जिरवत नाही. ते गोळा होऊन घळीत शिरते आणि अरुंद जागेत त्याची पातळी मिनिटांत चढते.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत अँटेलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस काही मैल दूर पडला होता. २० ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतल्या रागानेल्लोच्या चुनखडकी घळीत अशाच लोंढ्याने दहा जणांचा जीव घेतला. आपल्या राज्यात ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली. ती प्रवाहात मध्यभागी उभी होती आणि पाणी बघता बघता वाढले. खडक कुठला, देश कुठला, याने पाण्याला फरक पडत नाही.

वर्धेकराला यात आणखी एक अडचण आहे. आपल्या पावसाचा अंदाज आपल्या अनुभवातून येतो. वर्ध्याला वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. आपल्याकडे मृगाची वाट पाहणे चालू असते तेव्हा तिकडे ओढे भरलेले असतात. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर अचानक कोसळतो. म्हणून पूर्ण उतरणीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत, पावसाळ्यात घळीत पाऊल टाकू नये, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अकोले व शहापूर या दोन्ही तालुक्यांचा हवामान विभागाचा इशारा पाहावा. वर्ध्याचा अंदाज पाहून उपयोग नाही.

घळीत पाण्याचे दोन डोह लागतात. ते किती खोल आहेत हे मोसमावर ठरते, कधी गुडघाभर तर कधी छातीभर. गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका. साम्रदचे गावकरी रोज आत-बाहेर करतात, डोहाची आजची खोली त्यांना विचारावी. त्यांच्यातला वाटाड्या सोबत घेणे हा खर्च नव्हे, आखणीचा पहिला भाग आहे. पाणी हिवाळ्यात बर्फासारखे गार असते आणि ऊन तळाशी थोडाच वेळ पोहोचते, त्यामुळे कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये बांधून न्यावा.

“आपण पंचेचाळीस डिग्रीत राहतो, सह्याद्रीचे ऊन काय करणार?”

मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे खरे. पण आपले ऊन कोरडे आहे. घाम लगेच वाळतो आणि अंग गार होते. डेहण्याच्या बाजूला कोकणचा दमटपणा आहे. घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि शरीर आतून तापत जाते. छत्तीस-सदतीस डिग्रीतही तिथे भोवळ येऊ शकते. तीन-चार लिटर पाणी आणि मीठ-साखर माणशी सोबत हवीच.

“उतरणच तर आहे”

उतरताना दम कमी लागतो, म्हणून हा भ्रम टिकतो. मांडीचे स्नायू उतरताना ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि हे काम चढण्यापेक्षा त्यांना जास्त फाडते. धोंड्यांवरून तासन्‌तास उड्या टाकत उतरल्यावर गुडघे थरथरू लागतात, आणि पाय मुरगळतो तो याच वेळी. खाली पोहोचून करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढायचे असेल तर तो वेगळा डोंगर आहे, हे धरून चाला.

वर्ध्याची जमीन सपाट, त्यामुळे सरावाला जागा शोधावी लागते. पाठीवर पाच-सात किलोचे ओझे घेऊन तीन-चार मजली जिना रोज अर्धा तास चढ-उतार करणे, त्यातही उतरण्यावर भर देणे, हा दोन महिन्यांचा साधा कार्यक्रम पुरतो. जमल्यास मधे चिखलदऱ्याकडे एखादी फेरी करावी.

“दोर तुटला तर?”

भीती चुकीच्या जागी आहे. रॅपलिंगला वापरतात तो मानांकित स्टॅटिक दोर दोन हजार किलोहून अधिक ओढ सहन करतो. अपघात होतात ते दोर ज्याला बांधला तो आधार सुटल्याने, धारदार कडेवर दोर घासल्याने, हार्नेसचा पट्टा अर्धवट ओवल्याने, किंवा ओढणी आणि मोकळे केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, अडकल्याने. पहिला कडा सुमारे ४५ फुटांचा आहे. जिममध्ये कमावलेल्या दंडांचा इथे फारसा उपयोग नाही. वजन हार्नेस पेलतो. आयोजकाला तीन प्रश्न विचारा : आधार किमान दोन आहेत का, मुख्य दोराशिवाय वेगळा सुरक्षा दोर आहे का, आणि तुम्ही साहसी पर्यटनासाठी नोंदणी केली आहे का. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून अशी नोंदणी त्याचा भाग आहे. उत्तर देताना जो चिडतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

आग्या मोहोळाविषयी मात्र हवी तेवढी भीती कोणाला वाटत नाही. कड्यांना ही मोहोळे लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोनची घरघर, यांनी माश्या उठतात, आणि घळीत पळायला जागा नसते. विडी-सिगारेट आणि ड्रोन साम्रदलाच ठेवून जावे.

“समृद्धीवरून रात्रभर गाडी हाणू, सकाळी दरीत उतरू”

समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो आणि पुढे इगतपुरीजवळूनही जातो, त्यामुळे हा बेत हल्ली फार होतो. अंतर पाच-सहाशे किलोमीटरचे. रात्रभर जागलेला माणूस धोंड्यावर पाय टाकायचा अंदाज चुकतो, आणि जो चालवतो त्याचे तर विचारूच नका. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पेटलेल्या बसमध्ये पंचवीस प्रवासी गेले. त्यांत वर्ध्याची मुले होती. रात्री वर्ध्याहून रेल्वेत झोपून इगतपुरी गाठावी, तिथून घोटी-भंडारदरा मार्गे साम्रदला दिवसा पोहोचावे, रात्री गावात जेवून झोपावे आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघावे. एक दिवस जास्त जातो. तो जाऊ द्यावा.

मोबाईलचे दोन शब्दांत : आत रेंज नाही, आणि उंच भिंतींमुळे उपग्रहाचे संकेत आपटून नकाशावरचा ठिपका भलतीकडे दिसतो. ११२ क्रमांकावर किंवा गिर्यारोहकांच्या राज्यव्यापी बचाव समन्वय केंद्राला कळवायचे तरी कोणाला तरी बाहेर यावे लागते, आणि मदत पोहोचायला कित्येक तास लागतात. म्हणून गटातल्या सर्वांची नावे, रक्तगट आणि डेहण्याला पोहोचायची वेळ लिहिलेला कागद साम्रदच्या यजमानाकडे ठेवावा. दुसरी प्रत वर्ध्याला घरी द्यावी.

शेवटचा समज असा की डेहण्यापर्यंत उतरलो नाही तर सांदण झालीच नाही. प्रत्यक्षात डोह ओलांडून कड्याच्या टोकापर्यंत जाणे आणि त्याच वाटेने परतणे हीच बहुतेकांसाठी योग्य फेरी आहे. सर्वांत अरुंद भाग, उंच भिंती, टोकावरून दिसणारा आजोबाचा डोंगर आणि खाली कोकण, हे सगळे त्यात येते. गटात एकाचाही गुडघा दुखत असेल, आभाळात ढग असतील किंवा कड्यापाशी पोहोचायला ठरल्यापेक्षा उशीर झाला असेल, तर दोर सोडण्याआधी परत फिरायचे, आणि हे गटाने साम्रदहून निघतानाच ठरवून ठेवायचे.