लेखांक ७ : पाण्यात हरवलेला खडा

आज खरं तर 'अ‍ॅनोड इफेक्ट'वर लिहायचं कबूल केलं होतं. पण साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. बाई विचारतात, "क्रायोलाइटला तुम्ही 'बर्फाचा दगड' म्हणालात. तो खरंच बर्फासारखा दिसतो, की रसायनवाल्यांना नावं ठेवायची हौसच असते?"

हौस असतेच. पण इथे नाव रास्त आहे. ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या इविट्टूटला हा दगड सापडला. मोठ्या प्रमाणावर तो खणून काढला गेला तो तिथेच, आणि तिथली खाणही १९८७ मध्ये बंद पडली. माझ्याकडे एक खडा आहे, सुपारीएवढा. खनिजांच्या प्रदर्शनात घेतलेला. रंग शिजलेल्या साबुदाण्याचा, अंगावर तेलकट झाक, आणि मधोमध सिडेराइटचा, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटचा, तपकिरी ठिपका. गंमत म्हणजे या 'बर्फा'ची बारीक कपची मेणबत्तीच्या ज्योतीतसुद्धा वितळते. (घरी करून बघू नका. तापलेल्या फ्लोराइडची वाफ छातीत जाणं चांगलं नाही.)

खरी जादू दिसते ती पाण्यात. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन खडा अलगद सोडला. तळाशी गेला आणि गेलाच! कडा पुसट झाल्या, अंग विरघळल्यासारखं झालं. राहिला फक्त तो तपकिरी ठिपका, पाण्यात अधांतरी. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, क्रायोलाइटचा १.३३८ च्या आसपास. प्रकाश एकातून दुसऱ्यात शिरताना जवळजवळ वळतच नाही, मग डोळ्याला कड दिसणार कशी? खुद्द बर्फाचा अपवर्तनांक १.३१. म्हणजे पाण्यात लपण्याच्या बाबतीत हा दगड बर्फाच्याही वरचढ!

दगडासारख्या दगडाचा अपवर्तनांक इतका कमी कसा? माझ्या मते या लेखमालेतला हाच सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. प्रकाश पदार्थातून जाताना त्यातल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावे देतो. जेवढे ते सहज हलतील, तेवढा प्रकाश रेंगाळतो. आता क्रायोलाइटचं सूत्र बघा : तीन सोडियम, एक ॲल्युमिनियम, सहा फ्लोरीन. आयन झाल्यावर प्रत्येकाजवळ किती इलेक्ट्रॉन? सोडियमजवळ दहा. ॲल्युमिनियमजवळ दहा. फ्लोराइडजवळही दहाच. सगळे निऑनच्या मांडणीचे, मिटलेल्या मुठीसारखे घट्ट. प्रकाशाने हलवायचा प्रयत्न केला तरी जागचे फारसे हलत नाहीत.

दहा इलेक्ट्रॉनांचा आणखी एक आयन आहे : ऑक्साइड. पण त्याच्या केंद्रकात प्रोटॉन आठच. फ्लोराइडच्या केंद्रकात नऊ. बिऱ्हाड तेवढंच, कर्ता माणूस जरा दुबळा. म्हणून ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, अपवर्तनांक १.७६ पर्यंत चढतो.

इथून थेट हॉल आणि एरू यांच्या ॲल्युमिनियम बनवायच्या भट्टीत उतरता येतं. मागच्या वेळी मी नुसतं म्हणून गेलो होतो की वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळतो. साखर पाण्यात विरघळते तसा नव्हे. ऑक्साइड आणि फ्लोराइड आकाराने जवळपास सारखे, त्यामुळे ॲल्युमिनियमभोवतीच्या जागा ते एकमेकांत वाटून घेतात आणि ऑक्सिजन-फ्लोरीन असे मिश्र आयन तयार होतात. एकट्या ॲल्युमिनाला वितळवायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं, इथे ९६० च्या आसपास काम भागतं. मग वीज सोडली की कार्बनच्या अ‍ॅनोडपाशी इलेक्ट्रॉन द्यायची वेळ येते. देतो कोण? ज्याची मूठ सैल तो. ऑक्साइड देतो आणि कार्बनशी जुळून वायू होऊन निघून जातो. फ्लोराइड ढिम्म. एवढी वीज वाहूनही क्रायोलाइट फारसा खर्च होत नाही, त्याचं कारण हेच.

याच पत्रात बाईंचा दुसराही प्रश्न आहे : "आमच्या जर्मलच्या पातेल्यात हा फ्लोराइड उरतो का?" नाही. वितळलेला धातू त्या रसापेक्षा जड, तो भट्टीच्या तळाशी साचतो आणि तिथून शोषून काढला जातो. पुढे ओतण्याआधी त्याची सफाईही होते. पातेलं निर्धास्त वापरा. आंबट वरण त्यात रात्रभर ठेवू नका एवढंच. पण तो दोष पातेल्याचा, क्रायोलाइटचा नाही.

ऑक्साइड संपला तर मात्र फ्लोराइडवर पाळी येते. तोच अ‍ॅनोड इफेक्ट, पुढच्या आठवड्यात नक्की.

जाता जाता एक. तो पेला मी ओट्यावर तसाच विसरलो. सकाळी घरात कोणीतरी "पाण्यात कचरा पडलाय" म्हणून मोरीत ओतला. खडा जाळीवर आपटून वाजला तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की पेल्यात काहीतरी होतं. एक कोपरा उडालाय.