पेसमेकर बसवल्यावर: जखम, टाके आणि व्रण

पेसमेकर बसवलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो. मुंबईत चिंचपोकळी-लालबागकडच्या लोकांना परळचं केईएम रुग्णालय तर हाकेच्या अंतरावर. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती दिलेली, पेशंट बोलत-चालत घरी आलेला, त्यामुळे ऑपरेशन 'छोटंसंच' होतं असं चाळीतल्या साऱ्या मजल्याला वाटतं. हृदयाचं काम झालेलं असतं हे खरं. पण पुढचा महिना-दीड महिना जखमेचा असतो आणि तो घरीच काढायचा असतो. या दिवसांत काय करावं यापेक्षा काय करू नये, हे घरच्यांना नीट ठाऊक असलं पाहिजे.

ही जखम वेगळी का

हासळीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, चार-पाच सेंटीमीटरचा छेद घेतात. कातडीच्या खाली आणि छातीच्या स्नायूच्या वर एक कप्पा करून त्यात 20 ते 30 ग्रॅमचं यंत्र ठेवतात. त्याच्या वायरी शिरेतून थेट हृदयात गेलेल्या असतात.

बोट कापलं आणि पिकलं, तर गोळ्यांनी बरं होतं. इथे तसं होत नाही. जंतू एकदा यंत्राला चिकटले की त्यांचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. मग यंत्र आणि वायरी, सगळंच काढून दुसऱ्या बाजूला नवं बसवावं लागतं. असं शंभरात एखाद-दुसऱ्याच्याच वाट्याला येतं, पण ज्याच्या येतं त्याचे अतोनात हाल होतात. म्हणून व्रण कसा दिसेल ही काळजी दुसरी. आधी जखम कोरडी आणि स्वच्छ भरली पाहिजे.

पहिले दहा-पंधरा दिवस

जखमेला पाणी किती दिवस लावायचं नाही, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. ड्रेसिंग कोणत्या प्रकारचं आहे, टाके विरघळणारे आहेत की काढायचे, यावर ते ठरतं. तोवर मोरीत स्टुलावर बसून कमरेखाली पाणी घ्यावं आणि वरचं अंग ओल्या फडक्याने पुसावं. डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही. केस धुवायचेच असतील तर दुसऱ्या कुणीतरी मान मागे करून धुवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या खोल्यांत घामानेच ड्रेसिंग ओलं होतं. ओलं किंवा सुटलेलं ड्रेसिंग तसंच दाबून ठेवू नका, दवाखान्यात जाऊन बदलून घ्या.

हळदीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. लालबागच्या मिरची गल्लीतून निवडून आणलेली, घरची म्हणून कितीही चांगली असली, तरी ती निर्जंतुक नसते. आजीने प्रेमाने दाबलेली चिमूटभर हळद या जखमेवर नको. खोबरेल, पावडर, लेप, डेटॉल, काहीही नको. खपली आपोआप पडेल, चिकटपट्ट्याही आपोआप सुटतील.

ड्रेसिंग निघाल्यावर रोज एकदा, उजेडात, घरातल्या एकाच माणसाने जखम बघावी. हात साबणाने धुऊन, पण बोट न लावता. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर कालच्यापेक्षा लाली वाढली की कमी झाली, यावर वाद उरत नाही.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. आणि मिश्री, तंबाखू, विडी बंद. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि जखम रेंगाळते.

फुगलं, लाल झालं, पाझरलं तर

आजूबाजूला निळं-पिवळं पडणं, ते छातीवर किंवा दंडाकडे उतरणं, थोडं दुखणं, हे सगळं अपेक्षित आहे. पण जागा टणक होऊन फुगत चालली, कातडी ताणली गेली, तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. तरी त्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुई घालून ते रक्त कुणालाही काढू देऊ नये. त्या सुईबरोबरच जंतू कप्प्यात उतरतात.

वाढती लाली, ऊब, पू किंवा पाणी, सुटलेले टाके, थंडी वाजून ताप. यातलं काहीही दिसलं तर यंत्र जिथे बसवलं तिथेच जायचं, त्याच दिवशी. नाक्यावरचे डॉक्टर वर्षानुवर्षांचे, भरवशाचे असतात, हे मान्य. पण त्यांनी आधीच अँटिबायोटिक सुरू केलं, तर नंतर रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. उरलेल्या गोळ्या 'खबरदारी म्हणून' घेण्यातही अर्थ नाही. खरा उपयोग ऑपरेशनच्या तासभर आधी दिलेल्या इंजेक्शनचा असतो.

हा धोका पहिल्या महिन्यापुरता नसतो. दोन वर्षांनीही यंत्रावरची कातडी पातळ, चकचकीत, निळसर दिसू लागली, यंत्राची कड टोचू लागली, तर थांबू नका. कातडी फाटून यंत्र एकदा उघडं पडलं की वर टाके घालून भागत नाही.

हात किती हलवायचा

वायरींची टोकं हृदयात घट्ट रुजायला वेळ लागतो. साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही.

कागदावर हे सोपं वाटतं. चाळीत सकाळी पाणी येतं तेव्हा भरलेला हंडा उचलायला हात आपसूक पुढे होतो. माळ्यावरचा डबा काढायचा असतो, गॅलरीतल्या दोरीवर कपडे टाकायचे असतात. लोकलमध्ये तर वरची कडी धरल्याशिवाय उभंच राहता येत नाही, म्हणून या आठवड्यांत गर्दीच्या वेळेचा प्रवास टाळा. गणपतीचे दिवस असतील तर चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाच्या रेट्यात शिरू नका, आणि ढोल खांद्याला अडकवायचं यंदा राहू द्या.

मात्र हात गळ्यात बांधून ठेवणं तितकंच वाईट. खांदा आखडतो आणि मग महिनोन्‌महिने व्यायाम करत बसावं लागतं. कोपर, मनगट आणि खांद्याच्या खालच्या सगळ्या हालचाली पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

व्रण कमी दिसावा म्हणून

छाती आणि खांदा या व्रण जाड होण्याच्या जागा आहेत आणि आपल्या सावळ्या कातडीत तो कल अधिक असतो. व्रण दोन-तीन महिने लाल, उंच, खाजरा राहतो. मऊ आणि फिका व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. दुसऱ्या महिन्यात आरशात बघून निराश होऊ नये.

जखम पूर्ण मिटल्यावर, खपली-पाझर काही नसताना, डॉक्टरांना विचारून सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी सुरू करता येते. दिवसातले बारा तास तरी आणि निदान दोन-तीन महिने नेमाने वापरली तरच तिचा उपयोग. उघड्या गळ्यावर ऊन येत असेल तर सनस्क्रीन लावा, नाहीतर व्रण काळवंडतो. व्हिटॅमिन ई चोळल्याने व्रण सुधारतो असा भरवशाचा पुरावा नाही. काहींना त्याची अ‍ॅलर्जी मात्र येते.

इतर व्रणांना मालिश सुचवतात. इथे ते विचारल्याशिवाय नको. यंत्र हाताने फिरवत राहिल्यामुळे वायर गुंडाळली जाऊन जागची निघाल्याची उदाहरणं आहेत. बायकांना ब्राच्या पट्ट्याचा किंवा ब्लाउजच्या काठाचा जाच होतो, पुरुषांना ऑफिसच्या बॅगेचा. मध्ये मऊ सुती कापडाची घडी ठेवा, बॅग दुसऱ्या खांद्यावर घ्या.

व्रण जखमेच्या मूळ रेषेबाहेर पसरत गेला तर तो कीलॉइड. त्यावर स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, पण खाली यंत्र आणि वायर आहे हे त्वचारोगतज्ज्ञाला आधी सांगा आणि पेसमेकरचं कार्ड दाखवा.

बॅटरी बदलताना

जगातला पहिला रोपित पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासच चालला. पुढे एकूण 26 यंत्रं वापरत ते 2001 पर्यंत, म्हणजे वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. आता एक यंत्र साधारण आठ ते बारा वर्षं टिकतं, मग बहुधा जुन्याच रेषेवर छेद घेऊन नवं ठेवतात. वायरी रुजलेल्या असल्याने तेव्हा हाताची बंधनं सहसा कमी असतात, पण जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. कोरडेपणाचे सगळे नियम पुन्हा तसेच पाळायचे. जुना व्रण फार जाड झाला असेल तर तो कापून काढून कडा नव्याने जुळवता येतील का, हे त्या ऑपरेशनच्या आधीच सर्जनला विचारून ठेवा.