नावातला काना दिसेल एवढा पडदा

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते, हे नंदुरबार जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. आधार नोंदणीतली एक बारीक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदणी केंद्रावर दोन पडदे लागतात. एकावर ऑपरेटर माहिती भरतो आणि दुसरा, वेगळा मॉनिटर, नाव सांगणाऱ्या माणसाकडे तोंड करून ठेवायचा असतो. आपले नाव, वय, पत्ता इंग्रजीत आणि मराठीत बरोबर चढला की नाही, हे त्याने स्वतः पाहावे म्हणून. पाडवीचे ‘पडवी’ झाले किंवा वळवीचे ‘वलवी’, तर पुढे जातीच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे हेलपाटे. तो काना वेळीच दिसावा, एवढ्यासाठी दुसरा पडदा.

आता हा दुसरा पडदा घरोघरी येऊ लागला आहे. सेतू केंद्र चालवणारे, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, टॅलीवर हिशेब लिहिणारे, लग्नाचे अल्बम जुळवणारे फोटो स्टुडिओवाले, पुण्याच्या कंपनीचे काम तळोद्यात बसून करणारी मुले, सगळ्यांकडे लॅपटॉप आहे आणि सगळ्यांचीच मान दुखते. पंधरा इंची पडद्यावर एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला अर्ज उघडला की दोन्ही वाचता येत नाहीत. २४ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ १५.६ इंची लॅपटॉपच्या सुमारे २.४ पट भरते, कारण इंच कर्णाचे मोजतात आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढते. सात ते दहा हजारांत एवढी जागा मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पण त्याच पैशांत चुकीचा मॉनिटरही मिळतो, आणि जाहिरात नेमकी त्याचीच जास्त असते.

आधी पडद्याच्या आत काय चालते ते पाहू. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश राइनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याच्या हाती आलेला एक पदार्थ दोनदा वितळला! १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम नितळ झाला. मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक, लिक्विड क्रिस्टल: वाहतो द्रवासारखा, पण रेणू एका दिशेने रांगेत उभे. या रेणूंना वीज दिली की ते वळतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यातून जाणारा प्रकाशही वळतो. मॉनिटरच्या पाठीमागे पांढऱ्या एलईडींचा सपाट दिवा कायम जळत असतो. त्याच्यापुढे दोन ध्रुवक पापुद्रे आणि त्यांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. रेणू किती वळले त्यावर त्या कप्प्यातून किती उजेड बाहेर पडेल हे ठरते, खिडकीच्या झडपा कमीजास्त उघडाव्यात तसे.

या विषयात भारताचेही मोठे काम आहे. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर हे रेणू काडीसारखे लांबुळकेच असतात असे मानले जाई. पुढे याच तबकडी रेणूंची फिल्म स्वस्त पडद्यांना बाजूने बघताना येणारा दोष कमी करायला वापरली गेली.

तो दोष म्हणजे स्वस्त पॅनेलचे जुने दुखणेच. टीएन प्रकारच्या पॅनेलमध्ये रेणू पिळाच्या जिन्यासारखे रचलेले असतात आणि वीज दिली की उभे राहतात. समोरून चित्र ठीक दिसते, पण खालून पाहिले तर काळे पांढुरके आणि पांढरे काळपट. आयपीएस पॅनेलमध्ये रेणू पडद्याच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूला बसलेल्यालाही रंग जवळपास तेच दिसतात. व्हीए पॅनेलमध्ये ते वीज नसताना काचेला काटकोनात उभे असतात, उजेड चांगला अडवतात आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. आयपीएसचा काळा-पांढरा फरक साधारण एक हजारास एक असतो, व्हीएचा तीन हजारास एक. रात्री दिवा मालवून सिनेमे बघायचे असतील तर व्हीए छान. पण ज्याला पडदा दोघा-तिघांना दाखवायचा आहे, म्हणजे सेतूवाल्यापासून शिकवणीच्या सरांपर्यंत, त्याने आयपीएसच घ्यावा. टीएन आता नव्यात कमी दिसतो. दिसला तर स्वस्त आहे म्हणून घेऊ नये.

आता पिक्सेलांचा हिशेब. सगळी निवड माझ्या मते इथेच ठरते. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतराचे दोन बिंदू वेगळे दिसतात. ६० सेंटिमीटरवरून हे अंतर ०.१७ मिलिमीटरच्या आसपास भरते. २४ इंची फुल एचडी (१९२० गुणिले १०८०) मॉनिटरवर एका इंचात ९२ पिक्सेल बसतात आणि एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे निरखून पाहिले तर ठिपके जाणवतील, कामात खुपणार नाहीत. तेच १९२० गुणिले १०८० पिक्सेल २७ इंचांवर ताणले की इंचाला ८२ उरतात आणि पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा होतो. पडदा मोठा झाला, पण त्यावर नवीन काहीच मावले नाही. आधीचेच अक्षर फुगले. २७ इंच घ्यायचेच असतील तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा. त्यात इंचाला १०९ पिक्सेल येतात, पण किंमत बहुधा चौदा-पंधरा हजारांच्या पुढे जाते.

हा फरक इंग्रजीपेक्षा मराठी वाचताना जास्त टोचतो. इंग्रजी अक्षर बहुतेक एकाच पट्टीत बसते. देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. ‘वर्षांत’ हा शब्द घ्या. रेघेच्या वर रफार आणि अनुस्वार शेजारीशेजारी बसवायचे आहेत. पडद्यावरचा नेहमीचा मजकूर सोळा-एक पिक्सेल उंचीचा असतो, आणि त्यातल्या वरच्या मजल्याच्या वाट्याला जेमतेम तीन-चार येतात. विरळ पिक्सेलांच्या पडद्यावर रफार-अनुस्वाराचा एकच गोळा होतो. मॉनिटरच्या इंग्रजी परीक्षणांत ही अडचण सहसा सापडत नाही, कारण परीक्षणे लिहिणाऱ्यांना ती येतच नाही. सातबारा, ग्रामसभेचे इतिवृत्त, जुन्या फेरफारांच्या स्कॅन प्रती दिवसभर वाचणाऱ्याने म्हणून इंच नव्हे, इंचातले पिक्सेल मोजावेत. नव्वदच्या खाली जाऊ नये.

या कसोटीवर दोन लोकप्रिय युक्त्या नापास होतात. पहिली, ‘मॉनिटर कशाला, ३२ इंची टीव्हीच जोड’. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा एचडी रेडी, म्हणजे १३६६ गुणिले ७६८ चा असतो. इंचाला ४९ पिक्सेल! क्रिकेट बघायला तो उत्तम आहे, कारण तेव्हा आपण आठ फुटांवर बसतो. दोन फुटांवरून त्यावर अर्ज भरणे ही शिक्षा आहे. दुसरी, ऑनलाइन यादीतले ‘१०८० ला सपोर्ट’ हे शब्द. सपोर्ट म्हणजे तेवढे चित्र तो स्वीकारतो आणि आपल्या कमी पिक्सेलांत कोंबून दाखवतो. पॅनेलचे मूळ रिझोल्यूशन किती, हेच विचारायचे.

ताजेपणाच्या वेगाबद्दल, म्हणजे ७५, १००, १६५ हर्ट्‌झ या आकड्यांबद्दल, थोडक्यात सांगतो. सेकंदाला पडदा किती वेळा नव्याने रंगतो एवढाच त्याचा अर्थ. १०० हर्ट्‌झ आता स्वस्तातही मिळतो आणि माउस फिरवताना, पान सरकवताना डोळ्याला सुखावतो. त्यापुढचे आकडे खेळणाऱ्यांसाठी. पिक्सेल किती झटकन रंग बदलतो याची ‘एक मिलिसेकंद’ची फुशारकीही तशीच.

रंगाचे तसे नाही. बॉक्सवर बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिले असेल तर पडदा फिका समजावा. अनेक स्वस्त लॅपटॉपचे पडदे असेच असतात. त्यावर नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची विटकरी दिसते. ‘९९ टक्के एसआरजीबी’ असेल तर लाल तो लाल. फोटो आणि छपाईचे काम करणाऱ्याने हजारभर रुपये इथे जास्त घालावेत. बाकीच्यांना याची गरज नाही.

केबलचा घोळ घरी आल्यावर कळतो, म्हणून आधीच बघावा. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर प्रश्न नाही. जुन्या लॅपटॉपला फक्त निळे व्हीजीए असेल तर मॉनिटरलाही ते हवे. मात्र व्हीजीए चित्र लहरींच्या रूपात पाठवते, आकड्यांत नव्हे, त्यामुळे अक्षर किंचित पसरते. टाइप-सीचे भोक दिसले की चित्र येईलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये त्यातून फक्त डेटा किंवा चार्जिंग जाते. शेजारी डिस्प्लेपोर्टची ‘डीपी’ खूण किंवा थंडरबोल्टची वीज आहे का पाहावे, नाहीतर लॅपटॉपचे माहितीपत्रक वाचावे. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते, तेव्हा जुन्या लॅपटॉपला स्वस्त फोर-के जोडून माउस अडखळत ओढण्यात शहाणपण नाही. जोडल्यावर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे, म्हणजे दोन पडद्यांवर दोन कामे चालतात.

आता आपल्या जिल्ह्यापुरते. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. अक्राणीत किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात वीज गेली की लॅपटॉप चालू आणि मॉनिटर काळा. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॉट घेतो. रोज आठ तास वापरला तर महिन्याच्या २५ दिवसांत चार युनिट. म्हणजे लहान यूपीएसही त्याला बराच वेळ सांभाळतो. वीज फारच बेभरवशाची असेल तर टाइप-सीवर चालणारा १५-१६ इंची पोर्टेबल मॉनिटर बघावा. तो आठ-दहा वॉट लॅपटॉपकडूनच घेतो. लॅपटॉपची बॅटरी तेवढी लवकर उतरते, पण काम तुटत नाही.

उन्हाळा हा दुसरा मुद्दा. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान शून्य ते चाळीस अंश दिलेले असते, आणि तापीकाठी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातोच. पत्र्याच्या खोलीत दुपारी पडद्याचा उजेड कमी ठेवावा, पाठीमागची जाळी भिंतीला चिकटवू नये. चकचकीत काचेपेक्षा चमकविरोधी पृष्ठभाग घ्यावा, दाराकडे पाठ करून बसणाऱ्याने तर नक्कीच. धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. खिडक्यांच्या काचांसाठीचा अमोनियाचा फवारा पडद्याचा थर खराब करतो.

निळ्या प्रकाशाची भीती आणि त्यावरचे चष्मे यांवर पैसे घालवू नयेत. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना संगणकासाठी असे चष्मे सुचवत नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा पापण्या मिटतो, पडद्यासमोर त्या निम्म्याहूनही कमी होतात. दर वीस मिनिटांनी दूर पाहणे, पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली ठेवणे, हा फुकटचा इलाज आहे. स्वस्त मॉनिटरचे स्टँड फक्त मागेपुढे कलते, वरखाली होत नाही. त्याखाली कागदाचे दोन रिम ठेवले की काम भागते.

जुना घ्यायचा असेल तर शहरांतल्या कार्यालयांनी काढून टाकलेले मॉनिटर दोन-चार हजारांत मिळतात. त्यातले बरेच आयपीएस असतात आणि स्टँडही दणकट असतो. फक्त फार जुन्यांत एलईडीऐवजी पाऱ्याच्या नळ्या असतात. चालू केल्यावर पूर्ण उजळायला मिनिट-दोन मिनिटे लावतो तो पडदा नको. नवा घेताना मागच्या पट्टीवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, पक्के बिल घ्यावे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी १८ टक्के आहे, तेव्हा २८ टक्क्यांची जुनी कथा कोणी सांगितली तर ऐकू नये. सुरत जवळ आहे म्हणून पुष्कळजण तिकडून आणतात. हरकत नाही, पण बिघडल्यावर माणूस आपल्या पिनकोडला येणार की खोका घेऊन आपणच रेल्वेत बसायचे, हे पैसे देण्याआधी विचारावे.

बजेट दहा हजारांच्या आत असेल तर माझे मत सरळ आहे: २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, चमकविरोधी, एचडीएमआय, तीन वर्षांची हमी. दुकानात जाताना आपला लॅपटॉप आणि केबल बरोबर न्या. एखादी मराठी पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडा, हातभर अंतरावर बसा आणि ‘वर्षांत’मधला अनुस्वार रफारापासून सुटा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर दुकानदाराला दुसरा मॉनिटर लावायला सांगा.