कुकरची शिस्त कॉफीच्या यंत्रालाही

लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र आणि वर चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली फेसाळ कॉफी, एवढीच ‘एक्स्प्रेसो’ची ओळख अनेकांना वर्षानुवर्षे होती. खरे तर त्या पेल्यात एस्प्रेसो नसायचीच. इन्स्टंट कॉफी, साखर आणि वाफेने तापवलेले दूध, एवढाच तो कारभार. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळून घट्ट दाबलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार दाबाने ढकललेले, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी. १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद आणि हाती येतो ३५-४० ग्रॅम दाट अर्क. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या साधारण चौपट हा दाब.

आता हे यंत्र घरच्या ओट्यावर आले आहे. विकत घेताना लोक रंग, आकार आणि फेस पाहतात. आत दाब कसा तयार होतो, हे क्वचितच विचारतात. सुरक्षेचा सगळा मुद्दा तिथेच आहे.

स्वस्त, लहान यंत्रांत पंप नसतो. बंद टाकीत पाणी उकळते आणि त्याच्या वाफेच्या दीड ते तीन बार दाबाने गरम पाणी कॉफीतून ढकलले जाते. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मागितले, त्याचेही तत्त्व वाफेचेच होते. महागड्या यंत्रांत विजेचा पंप दाब देतो आणि पाण्याची टाकी उघडी, साध्या दाबाची असते. ती कधीही भरता येते. वाफेच्या यंत्राची टाकी मात्र कॉफी चालू असताना उघडायची नसते, कारण तो चक्क एक छोटा प्रेशर कुकर आहे.

कुकरमध्ये साधारण १ बार जादा दाबाला पाणी १२० अंशांपर्यंत तापते. या टाकीत ते त्याहूनही वर जाते. झाकण अचानक सैल झाले, की दाब पडतो, पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी घेऊन बाहेर उसळतो. शिट्टी न उचलता कुकरचे झाकण ओढू नये, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. इथे मात्र ‘कप अर्धाच भरला, जरा पाणी घालू’ म्हणून तेच झाकण फिरवले जाते. आधी बटण बंद करावे, वाफेची नळी रिकाम्या भांड्यात उघडून फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, यंत्र निवू द्यावे. झाकण हलक्या हाताने फिरत नसेल तर आत दाब आहे असे समजावे. पक्कड आणू नये.

पंपाच्या यंत्रात धोका दुसरीकडे असतो. पूड फार बारीक असली, तर पाणी अडते आणि दांडी असलेल्या गाळणीत दाब साठून राहतो. काही यंत्रांत तो सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो, अनेक स्वस्त यंत्रांत नसतो. कॉफी थेंबथेंब पडत असताना घाईने दांडी फिरवली, तर गरम चोथा अंगावर उडतो. पंप बंद करून मिनिटभर थांबणे एवढाच त्यावर उपाय.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, याचे गणित सोपे आहे. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना जेवढी उष्णता देते, त्याच्या सुमारे साडेआठपट उष्णता तितकीच वाफ त्वचेवर पाणी होताना देते. म्हणून नळीचे तोंड कायम यंत्राच्या ट्रेकडे असावे, आणि वायर ओट्यावरून खाली लोंबू नये. लहान मुलांचा हात तिथेच पोचतो. चटका बसलाच, तर भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल, किंवा चेहरा वा तळहात भाजला असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

कॅपुचिनोचे दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. त्यापुढे चव बिघडते. इथे आपल्याकडचा एक वेगळाच प्रश्न येतो. दूध पाश्चराइज करायला ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद लागतात. यंत्राच्या वाफेने ते काम होत नाही. गवळ्याकडचे सुटे दूध त्यामुळे आधी नेहमीसारखे उकळून, फ्रिजमध्ये गार करून, साय काढूनच वापरावे. फेस दुधातल्या प्रथिनांमुळे टिकतो, साय त्याच्या आड येते. पिशवीतले पाश्चराइज्ड दूध थंड ठेवलेले असेल तर थेट चालते.

फेस झाल्यावर नळी बंद केली, की आतली वाफ निवते आणि थोडे दूध वर ओढले जाते. ते तिथेच राहिले, तर दुसऱ्या दिवशीच्या कपात उतरते. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसावी आणि दोन सेकंद वाफ सोडून आतून मोकळी करावी. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना क्षाराचाही त्रास. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर इथे बारीक छिद्रे आणि व्हॉल्व्ह बुजवतो. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने वेळोवेळी सफाई करून मग दोन-तीन टाक्या साधे पाणी सोडून द्यावे. अर्थिंग असलेला तीन पिनचा सॉकेट हवाच.

राहिला प्रश्न किती प्यावी याचा. ३० मिलिलिटर एस्प्रेसोत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रीला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सांगितले. घरी मात्र बहुतेक जण मोठी, दुप्पट पुडीची गाळणी वापरतात. तिच्या दोन कॅपुचिनोंत गरोदरपणाची मर्यादा ओलांडली जाते, आणि त्यात दुपारचा चहा अजून मोजलेलाच नसतो.