हृदयाच्या नव्या पेशींचा दाखला

हृदयविकाराच्या झटक्याने रक्तपुरवठा तुटला, म्हणजे हृदयस्नायूच्या कोट्यवधी पेशी काही तासांत मृत होतात आणि त्यांच्या जागी जो व्रण धरतो, तो भिंत सावरीत असला तरी आकुंचनाच्या कामी सर्वस्वी निरुपयोगी असतो. मनुष्याच्या हृदयात नव्या पेशी जन्मतच नाहीत, हे मत वैद्यकाच्या दप्तरी दशकानुदशके कायम होते. ते रद्द झाले, आणि तेही अणुबाँबच्या साक्षीने! १९६३च्या अणुचाचणीबंदी करारापूर्वीच्या चाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ एकाएकी वाढला व पुढे क्रमाने उतरत गेला. पेशी जन्मते त्या वेळच्या हवेतील हे प्रमाण तिच्या डीएनएत उमटून राहते; तेव्हा त्या डीएनएतील कार्बनावरून तिचा जन्मकाळ ताडावा, ही योनास फ्रिसेन यांची युक्ती खरोखर अजब. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील त्यांच्या चमूने २००९ साली दाखविले, की पंचविशीत वर्षाकाठी सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. झटक्याची हानी भरण्यास हा वसूल अगदीच तोकडा. इवलासा झेब्रा मासा मात्र हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा उभारतो, कारण उरलेल्या स्नायुपेशीच पुनश्च विभागू लागतात. मनुष्यासाठी असा सर्वमान्य उपचार अद्याप नाही. म्हणून हृदय नवे करून देऊ म्हणणाऱ्या मूळपेशी-उपचारांच्या जाहिरातींना वाचकांनी भुलू नये.